एलएनजीचं, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूचं, जहाज येताना बंदरातली वाहतूक का थांबवतात? तो भाग कायमचाच बंद का ठेवत नाहीत?

कायमचा बंद ठेवला तर बंदर चालणार कसं? म्हणून बंदी जहाजासोबत सरकते. अमेरिकेतलं बोस्टन बघा. तिथे एव्हरेट टर्मिनलकडे निघालेल्या एलएनजी टँकरच्या पुढे 2 मैल, मागे 1 मैल आणि दोन्ही बाजूंना 500 यार्डांपर्यंत तटरक्षक दलाच्या परवानगीशिवाय कुणी शिरायचं नाही. मासेमारीची होडी असो, नाहीतर कुणा शेठजींची यॉट. जहाज पुढे गेलं की मागचा भाग आपोआप मोकळा. वाटेत टोबिन पूल लागतो. टँकर खालून जाताना पुलावरच्या गाड्यासुद्धा थांबवत आले आहेत. लोक वैतागतात, पण इलाज नाही.

पुढचं अंतर जास्त का? एवढं धूड ब्रेक मारून थांबत नाही, आणि अरुंद वाटेत वळायलाही जागा नसते. टाक्यांमध्ये उणे 162 अंशांच्या आसपासचा द्रव असतो. तो सांडला तर लगेच वायू होऊन पसरतो, आणि ठिणगी मिळाली की पेटतो.

बंदरात असा धोकादायक माल काय करू शकतो, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं, तेव्हा त्यात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्रच भरलेल्या होत्या.