एअरप्लेन मोड लावल्यावर फोनमध्ये नक्की काय बंद होतं?

तुमची आई पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच विमानाने, तेही एकट्या, मुंबईहून नागपूरला निघाल्या आहेत. एअरप्लेन मोड लावला की फोन बंदच पडतो का, त्यात फोटो काढता येतात का, गाणी ऐकता येतात का, आणि विमानात न बसणाऱ्या माणसाला त्या बटणाचा काही उपयोग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आईंपुरतं आधी सांगून टाकतो. फोन बंद पडत नाही. कॅमेरा चालतो, फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी चालतात, गजर, टॉर्च, कॅल्क्युलेटर, गॅलरीतले फोटो सगळं चालतं. बाहेरच्या जगाशी बोलणं तेवढं थांबतं, म्हणजे कॉल, एसएमएस, व्हॉट्सअॅप, यूपीआय. एप्रिल २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, हा मोड लावून फोन पूर्ण प्रवासभर चालू ठेवायला परवानगी दिली. त्याआधी उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी फोन साफ बंद करावा लागायचा. त्यामुळे घरातल्या कुणी जुन्या अनुभवावरून ‘फोन स्विच ऑफच करावा लागतो’ असं आईंना सांगितलं असेल, तर ते तेव्हा खरं होतं, आता नाही.

आता मुद्द्याचं. मी विमानक्षेत्रातला नाही. मी नाटकांचं म्युझिक ऑपरेट करतो. बारा वर्षं झाली, दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, जिथे प्रयोग असेल तिथे मिक्सरमागे बसतो. विमानात हे बटण मी चार-पाच वेळा दाबलं असेल, नाट्यगृहात रोज दाबतो. आणि फोन गप्प बसणं म्हणजे काय, हे मला तिथेच कळलं.

तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, पडदा वर जातो. आणि स्पीकरमधून अचानक ‘टिक-टिटिक-टिटिक-टर्रर्र’ असा आवाज येतो. दोन-तीन सेकंदांनी कुणाच्या तरी खिशात फोन थरथरतो. तो फोन सायलेंटवर असतो, पण पहिल्या रांगेत फूट माइकच्या वायरपासून हातभर अंतरावर, किंवा कधीकधी कॉलर माइक लावलेल्या नटाच्याच खिशात असतो. जुन्या टूजी पद्धतीत फोन टॉवरशी सलग बोलत नाही, सेकंदाला साधारण २१७ वेळा तुटक-तुटक बोलतो. प्रत्येक वेळी एक छोटा झटका बाहेर पडतो, माइकची वायर तो झेलते आणि आमचा अॅम्प्लिफायर तो मोठा करून सगळ्या हॉलला ऐकवतो. फोरजी आल्यापासून हा त्रास खूप कमी झालाय. तरी एखादा साधा बटणांचा फोन हॉलमध्ये असला की तो आवाज अजून भेटतो.

सायलेंट आणि एअरप्लेन यांतला फरक या आवाजात आहे. सायलेंट केला की फोन तुमच्याशी बोलायचा थांबतो, टॉवरशी बोलणं चालूच राहतं. खिशात निवांत पडलेला फोनसुद्धा दर एक-दोन सेकंदांनी कान देतो की टॉवर आपलं नाव पुकारतोय का. तुम्ही एका भागातून दुसऱ्या भागात गेलात, समजा लोकलने दादरहून ठाण्याला, तर मध्ये तो ‘मी आता इथे आहे’ अशी हजेरी लावतो. जागचे हलला नाहीत तरी ठरावीक वेळाने हजेरी लागतेच. वर अॅप्सची ये-जा वेगळी. टॉवर लांब असेल तर फोन आवाज चढवून बोलतो, म्हणजे जास्त ताकदीने लहरी सोडतो, आणि बॅटरी तिथे खर्ची पडते.

एअरप्लेन मोड म्हणजे फोनमधल्या या बोलणाऱ्या भागांना एकाच वेळी दिलेला हुकूम: लहरी सोडू नका. मोबाइल नेटवर्क, वायफाय, ब्लूटूथ, तिघेही थांबतात. त्यानंतर वायफाय आणि ब्लूटूथ तुम्ही वेगळे चालू करू शकता, मोबाइल नेटवर्क मात्र मोड काढेपर्यंत येत नाही. नव्या बऱ्याच फोनमध्ये ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल तर मोड लावल्यावरही ब्लूटूथ चालू राहतं, आणि मागच्या वेळी तुम्ही मोडमध्ये वायफाय चालू ठेवलं असेल तर फोन ते लक्षात ठेवतो. म्हणून वरचं विमानाचं चिन्ह पाहून समाधान मानू नका, शेजारची वायफायची खूणही बघा.

जीपीएसची गोष्ट वेगळी. तो बोलतच नाही, फक्त ऐकतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात, फोन ती ऐकून स्वतःची जागा काढतो, उलट काहीच पाठवत नाही. त्यामुळे आजच्या फोनमध्ये मोड लावूनही जीपीएस चालतो. आईंना खिडकीची जागा असेल तर मुंबई ते नागपूरचा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून द्या. फोन काचेजवळ धरला की निळा ठिपका सह्याद्री ओलांडताना दिसेल. पहिल्या प्रवासात हे बघणं फार सुंदर असतं.

विमानात याचा आग्रह का, तर कारणं दोन आहेत. एक मी वर सांगितलं तेच: आमच्या स्पीकरमध्ये जे घुसतं, ते वैमानिकाच्या हेडफोनमध्येही घुसू शकतं, आणि उतरताना कंट्रोल टॉवरचा एकेक शब्द त्याला स्वच्छ ऐकू यायला हवा. एका फोनने विमान पडतं असं अजिबात नाही, विमानातली यंत्रं अशा लहरींना तोंड देतील अशीच बनवलेली असतात. पण दीडशे-पावणेदोनशे फोन एका नळकांड्यात, तेही सगळे पूर्ण ताकदीने ओरडत असताना, धोका पत्करायचा कशाला? दुसरं कारण जमिनीवरचं आहे. रस्त्यावरच्या फोनला मोजके टॉवर दिसतात. वर गेलेल्या फोनला एकाच वेळी असंख्य दिसतात आणि तो सगळ्यांच्या कामात लुडबुड करतो. अमेरिकेत १९९१ मध्ये उडत्या विमानातून मोबाइल वापरायला जी बंदी आली, ती तिथल्या दूरसंचार आयोगाने जमिनीवरचं नेटवर्क जपण्यासाठीच घातली होती. आपल्याकडे काही विमानांत आता वायफाय मिळतं. ते विमानात सूचना झाल्यावरच वापरायचं, आणि तेही मोड तसाच ठेवून फक्त वायफाय चालू करून.

आता विमानाबाहेरचे उपयोग.

माझ्या कामातला प्रसंग सांगतो, कारण त्यानंतर मी कधी चुकलो नाही. एका एकांकिका स्पर्धेत लॅपटॉप ऐनवेळी बिघडला, म्हणून सगळे क्यू, म्हणजे ठरलेल्या जागी वाजवायचे संगीताचे तुकडे, फोनवर घेतले आणि फोन मिक्सरला जोडला. सायलेंट केलाच होता. शेवटच्या प्रसंगात एक मुलगी आपल्या वारलेल्या आईच्या साड्यांच्या घड्या घालते आणि मागे बासरी वाजते, एवढंच. बासरी चढायला लागली आणि मध्येच तुटली. कर्ज हवंय का म्हणून विचारणारा कुणाचा तरी कॉल आला होता. रिंग वाजली नाही, पण कॉल आला की फोन चालू गाणं थांबवतो, त्याला सायलेंटचं काही देणंघेणं नसतं. मी कॉल कापला, पण पीस पुन्हा सुरू करणं म्हणजे तो तुटलेला सूर सगळ्यांना दाखवणं. माझा हात फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या दांडीवर, तसाच राहिला. त्या मुलीने मान वर केली नाही. साडीची घडी घालता घालता तिने तीच चाल, जिथे तुटली होती तिथून, हलकेच गुणगुणायला सुरुवात केली आणि प्रसंग पूर्ण केला. प्रयोगानंतर ती मला एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून ज्या फोनमधून आवाज जाणार, तो पहिल्या घंटेपासून एअरप्लेन मोडवर. लग्नात मंगलाष्टकं फोनवरून लावणार असाल, शाळेच्या गॅदरिंगला मुलांचं गाणं वाजवणार असाल, कुणाची मुलाखत रेकॉर्ड करणार असाल, तर हे नक्की करा.

दुसरा उपयोग बॅटरीचा, आणि तो मुंबईकरांना शनिवार-रविवारी लागतो. हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीला गेलात की नेटवर्क येतं-जातं. फोन दिवसभर पूर्ण जोर लावून टॉवर शोधत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी अर्ध्यावर येते. वाट चालताना मोड लावा, नकाशा आधी उतरवलेला ठेवा, जीपीएस चालतोच. उघड्यावर पोचलात की मोड काढून घरी कळवा, पुन्हा लावा. गटातल्या एकाचा तरी फोन असा राखून ठेवावा. अडचण आली तर मोड काढून मगच ११२ हा मदतीचा नंबर लावायचा, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. चार्जिंग लवकर होतं म्हणून मोड लावणारेही आहेत. फरक पडतो, पण थोडा.

तिसरा उपयोग तुम्ही कदाचित करतही असाल. खंडाळ्याच्या घाटातले बोगदे संपले, बाहेर आलो, सगळ्यांचे फोन लागले आणि आपलाच अडकून बसलाय, असं होतं. कधी फोन एखाद्या दूरच्या टॉवरला चिकटून राहतो. मोड लावून दहा-पंधरा सेकंद थांबा आणि काढा. फोन पहिल्यापासून शोध घेतो आणि नव्याने हजेरी लावतो. स्विच ऑफ करून पुन्हा चालू करण्यापेक्षा हे झटपट होतं. पण विसर्जनाच्या दिवशी लालबागच्या गर्दीत याने फारसं काही होणार नाही. तिथे दांड्या पूर्ण दिसतात, कारण टॉवर जवळच असतो. अडचण असते ती एकाच टॉवरवर तुटून पडलेल्या हजारो फोनची. दांड्या टॉवरचा आवाज किती मोठा येतो ते सांगतात, त्याला तुमच्यासाठी सवड आहे का ते सांगत नाहीत.

याच्या उलट एक युक्ती घरातली. आमच्या परळच्या घरात मागच्या खोलीत जेमतेम एक दांडी येते, कॉल तुटतात. तिथे मी मोड लावून फक्त वायफाय चालू करतो. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू असेल तर साधे कॉल वायफायवरून येतात आणि जातात, कारण फोनला दुसरा रस्ताच उरत नाही.

रात्री झोपताना मोड लावावा का? गजर वाजतो, त्याची चिंता नाही. पण घरी किंवा गावी म्हातारी माणसं असतील तर माझा सल्ला, लावू नका. ‘डू नॉट डिस्टर्ब’ ठेवा आणि त्यात घरच्यांचे नंबर मोकळे सोडा. मोडमध्ये रात्री दोनला कुणी दहा वेळा फोन केला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही.

आणि एक गोष्ट आईंना जरूर सांगा. आमच्या शेजारच्या काकांना एकाने वीजबिलाच्या नावाखाली एक अॅप घ्यायला लावलं आणि त्यांच्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसायला लागला. काका घाबरून फोन हातात धरून जिन्यात आले, बटणं आपोआप हलताहेत म्हणाले. मी पहिलं काम केलं ते मोड लावायचं, आणि वायफाय बंद आहे ना ते बघायचं. त्या माणसाची दोरी तिथेच तुटली. मग माझ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. पैसे वाचले. अशा वेळी ‘कॉल कट करू का, फोन बंद करू का’ असा गोंधळ होतो. विमानाचं चिन्ह एका बोटाचं काम आहे.

हेच बटण चोरालाही माहीत असतं. लोकलमध्ये फोन मारला की तो पहिल्यांदा हा मोड लावतो, म्हणजे फोन शोधता येत नाही. कुलूप असताना वरची पट्टी खाली ओढता येणार नाही अशी सोय तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये असेल तर ती आजच चालू करा. *#०६# दाबल्यावर येणारा आयएमईआय नंबर, म्हणजे तुमच्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घरात वहीत लिहून ठेवा. फोन गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करायला हा नंबर लागतो.

आता आईंच्या प्रवासाची तयारी. बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवा, म्हणजे विमानतळावर नेट चालो न चालो. आणि आज रात्री घरीच एक तालीम करा. फोन त्यांच्या हातात द्या, तुम्ही बोट लावू नका. त्यांना वरून पट्टी ओढू द्या, ‘विमान मोड’ किंवा ‘फ्लाइट मोड’ शोधू द्या, दाबू द्या. मग तुमच्या फोनवरून त्यांना कॉल लावा आणि फोन लागत नाही हे त्यांना स्वतःच्या कानाने ऐकू द्या. एक गाणं लावायला सांगा, एक फोटो काढायला सांगा. मग मोड काढायला सांगा. नागपूरला उतरल्यावर सूचना झाली की हेच करायचं. नेटवर्क यायला अर्धं-एक मिनिट लागतं, तेवढा वेळ तुम्हीही इकडून सारखे फोन लावत बसू नका.