वेष्टनावर ०.३ आणि तुझं उत्तर ०.२१

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. प्रोजेक्टसाठी अँटिबॅक्टेरियल साबणाच्या वडीतलं ट्रायक्लोसान हे जंतुनाशक एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलं. वेष्टनावर ०.३ टक्के लिहिलंय, माझं उत्तर ०.२१ आलं. तीनदा केलं, तीनदा तेच. पार्टनर म्हणतो, ०.२९ लिही आणि मोकळी हो. मला ते पटत नाही. पण घरचे विचारतात, साबण मोजण्यात कसलं आलंय करिअर? ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करू का?

उत्तर : ०.२९ लिहू नकोस. पार्टनरला माझं नाव सांग हवं तर.

तीनदा तेच उत्तर आलं म्हणजे तुझा हात स्थिर आहे. उत्तर बरोबर आहे असं मात्र त्यावरून ठरत नाही, कारण एकच चूक तीनदा इमानेइतबारे करता येते. हिशोब बघ. ०.३ टक्के म्हणजे एक ग्रॅम साबणात ३ मिलिग्रॅम. ते सगळं १०० मिली मिथेनॉलमध्ये उतरलं, तर दर मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम. तुला २१ मिळाले. मग उरलेले ९ कुठे सांडले, की मुळात नव्हतेच? घरच्यांना सांग, याच प्रश्नावर कित्येकांचे पगार निघतात.

तू वडी किसली होतीस की तुकडा तोडून टाकला होतास? तुकडा असेल तर ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या सोनिकेटरमध्ये कितीही वेळ ठेव, त्याच्या पोटातलं ट्रायक्लोसान मिथेनॉलपर्यंत नीट पोचत नाही. आता असं कर. किसून, नीट मिसळून दोन सारखे नमुने घे. एकात शुद्ध ट्रायक्लोसानच्या द्रावणातून १.५ मिलिग्रॅम जास्तीचं घाल आणि दोन्हींवर अथपासून इतिपर्यंत तीच कृती कर. जास्तीचं घातलेल्या नमुन्यात दर मिलिलिटरला १५ मायक्रोग्रॅम जास्त दिसायला हवेत. साडेदहाच दिसले, तर तीस टक्के माल तुझ्याच कृतीत गळतोय आणि साबणावर आळ घ्यायचं कारण नाही. पंधराच्या आसपास आले तरी लगेच नाचू नकोस. वरून घातलेलं सहज सुटतं, वडीत मुरलेलं तितकं सहज सुटत नाही. म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसलेला गाळ फेकू नकोस. त्यावर पुन्हा मिथेनॉल घालून तेही यंत्रात इंजेक्ट कर. २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला, ट्रायक्लोसानच्याच वेळेवर पीक (आलेखातलं शिखर) दिसलं, तर चोर सापडला.

सल्ले देण्याच्या धंद्यात पडण्याआधी मी काही वर्षं प्रयोगशाळेत काढली. पहिल्याच आठवड्यात लिक्विड हँडवॉश पाण्यात घालून फ्लास्क दणकून हलवला. फेस थेट मानेत चढला आणि तिथली मापाची खूण दिसेना. मी अंदाजाने पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी अख्खी बॅच पुन्हा करावी लागली, आणि फेसाने फजिती केलेला तिथला मी पहिलाच नव्हतो. हे पुस्तकात क्वचितच सापडतं. नुसता 'रन' दाबायला तू लागत नाहीस, नमुने आपोआप यंत्रात सोडणारा ऑटोसॅम्पलर रात्रभर ते काम करतो. पण पीकच्या पायथ्याला चिकटलेला उंचवटा ट्रायक्लोसानचा की साबणातल्या सुगंधाचा, हे कुणीतरी डोळे उघडे ठेवून ठरवायला लागतं.

'साबण' या शब्दाला घरचे हसत असतील, तर त्यांना एक गोष्ट सांग. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने घरगुती वापराच्या अँटिबॅक्टेरियल साबणांतून १९ रसायनं बाद केली. ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन त्यांतलीच. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. असा नियम झाला की मोजणाऱ्यांचं काम वाढतं. 'किती आहे' सांगणं त्या मानाने सोपं, 'नाही' हे सिद्ध करायला बारीक मोजमाप लागतं. शिवाय बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे दुसरं जंतुनाशक मोजायला घेतलंस की तुझी आत्ताची पद्धत तशीच चालत नाही. तो एक रेणू नसून कमी-जास्त लांबीच्या साखळ्यांच्या रेणूंचं मिश्रण आहे. एका पीकऐवजी दोन-तीन येतात आणि सगळ्यांची बेरीज करावी लागते. हेच कौशल्य औषधं, सौंदर्यप्रसाधनं, सांडपाण्याची तपासणी, उपकरण कंपन्या, सगळीकडे चालतं. सांडपाण्यात तर लिटरमागे नॅनोग्रॅम शोधायचे असतात, तिथे रेणू वस्तुमानावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

आता कडू भाग. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तेच तेच नमुने येतात, पाळ्या असतात, आणि कामाइतकाच वेळ नोंदी लिहिण्यात जातो. खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून सही-तारीख टाकायची, आकडा वाचता आला पाहिजे. याचा जिला जाच वाटतो तिने इकडे येऊ नये. तुला वाटेलसं दिसत नाही, ०.२१ ला चिकटून बसली आहेस ना.

तर, हो, एम.एस्सी. कर. प्रवेश घेण्याआधी तिथल्या सीनियर मुलांना एवढंच विचार, 'उपकरणाला तुम्ही स्वतः हात लावता की लांबून बघता?' लांबून बघत असतील तर दुसरं कॉलेज शोध. एम.एस्सी. सुरू होण्याआधीच्या सुट्टीत संख्याशास्त्राचं एखादं पुस्तक संपव, आणि तपासणी प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ १७०२५ हे मानक काय मागतं ते वाचून ठेव. मुलाखतीत त्यावर हमखास गाडी येते.

आणि उरलेली वडी आजच हवाबंद डबीत टाक, वजन आणि तारीख लिहून. उघडी राहिली तर तिच्यातलं पाणी उडेल, टक्केवारी आपोआप चढेल, आणि पुढच्या महिन्यात ०.२३ आलं म्हणून तू उगाच खूश होशील.