आयुर्वेदाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात कुठून करावी?

मोबाइलवरच्या चाचणीत ‘तुमची प्रकृती पित्तप्रधान’ असं आलं, आता पुढे काय वाचू, असं तुम्ही विचारलंय. मी वैद्य आहे. असे निकाल घेऊन येणारे रुग्ण मला नवे नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की वात-पित्त-कफ जरा बाजूला ठेवा आणि आधी अग्नी समजून घ्या.

अग्नी म्हणजे ढोबळमानाने पचनशक्ती. ‘रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ’, म्हणजे सगळे रोग अग्नी मंद असला की होतात, असं वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय. अग्नी मंदावला की अन्न अर्धवट पचतं, त्यातून ‘आम’ तयार होतो आणि रसापासून शुक्रापर्यंत साती धातूंचं, म्हणजे शरीर घडवणाऱ्या घटकांचं, पोषण बिघडतं, अशी ही सगळी मांडणी आहे. म्हणून डोकं दुखतंय असं सांगत आलेल्यालाही आम्ही भूक लागते का, पोट साफ होतं का, झोप कशी आहे, हेच विचारत बसतो. जीभ बघतो, तिच्यावर पांढरा चिकट थर असेल तर आमाची शंका घेतो. आधीचं जेवण पचल्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत: ढेकर स्वच्छ येतो, अंग हलकं वाटतं, उत्साह असतो, खरी भूक लागते. एक वाजला म्हणून ताटावर बसणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटतं!

दोष, म्हणजे तेच वात-पित्त-कफ, येतात ते इथे. एकाचं डोकं उन्हात फिरलं, उपाशी राहिलं की चढतं, सोबत आंबट पाणी येतं. दुसऱ्याचं सकाळी जड असतं, नाक चोंदलेलं. पहिल्यात पित्त, दुसऱ्यात कफ. तक्रार एकच, पण औषध आणि पथ्य दोन्ही वेगळं.

आणि हे शास्त्र म्हणजे नुसते काढे नव्हेत. त्याच्या आठ अंगांत शल्यतंत्र, म्हणजे शस्त्रक्रियेचं शास्त्रही आहे. तुटलेलं नाक गालाच्या त्वचेने सांधायची कृती सुश्रुतसंहिता या जुन्या ग्रंथात दिलीय. कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याच्या पुण्याकडच्या शस्त्रक्रियेचं वर्णन तर १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आलं होतं.

वाचायला लागाल तर अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातले (पहिल्या भागातले) दिनचर्या आणि ऋतुचर्या हे अध्याय मराठी भाषांतरातून घ्या. भस्मं आणि रसौषधी, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेली औषधं, मात्र ऑनलाइन मागवून मनाने खाऊ नका, त्यांत पारा, शिसं असू शकतं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करायच्या नाहीत, आणि काय काय घेताय ते वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगायचं.