वाचक विचारतात : स्पेअर पार्टच्या दुकानातला पसारा

प्रश्न : मोटारसायकल स्पेअर पार्टचं माझं दुकान 10 बाय 12 फुटांचं आहे, माल छताला टेकलाय. गिऱ्हाईक उभं असताना पार्ट सापडत नाही, चार दिवसांनी तोच हाती लागतो. मांडणी गाडीनुसार करावी की पार्टनुसार? (बार्शी)

दोन्ही करा, पण आधी माल वेगळा काढा. प्लग, बल्ब, ब्रेक शू, क्लचच्या वायरी हा रोजचा खप पार्टनुसार, काउंटरमागे हाताच्या उंचीवर. पिस्टन किट, गॅस्केट, वायरिंग गाडीनुसार. चेन-सेट जड, तो तळाला. सायलेन्सर वर टांगा. गॅस्केट मात्र सपाटच ठेवा, घडी पडली की तिथूनच तेल झिरपतं.

पण खरा घोळ रॅकचा नाही, उघड्या खोक्यांचा आहे. दाखवायला काढलेला पार्ट भलत्या खोक्यात गेला की त्याची ओळखच गेली. 130 मिमी ड्रमचेच दोन मॉडेलांचे शू शेजारी ठेवले तरी फरक पटकन कळत नाही. पिस्टन स्टँडर्ड आणि त्याहून 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिमीने मोठा अशा मापांत येतो. पाव मिलिमीटर नजरेला काय दिसणार? माथ्यावरचा आकडा वाचायचा, नाहीतर मायक्रोमीटर लावायचा. म्हणून पार्ट परत पॅकिंगमध्ये घालून चिकटपट्टी लावल्याशिवाय पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळू नका. गर्दीत हे जड जातं, तरी पिस्टन आणि रिंगांपुरतं तरी पाळाच.

प्रश्न : खिळ्याला टांगलेल्या ट्यूबा न वापरताच चिरतात. माल खराब असतो का? (चिपळूण)

बहुतेकदा माल नाही, खिळा खराब. सगळं वजन एका घडीवर येतं, तिथे रबर ताणलेलं राहतं आणि तिथेच चिरतं. ऊन आणि ग्राइंडरच्या मोटरच्या ठिणग्यांतून होणारा ओझोन त्यात भर घालतात. ट्यूब खोक्यातच, ऑइलच्या डब्यांपासून लांब ठेवा. टायर उभे ठेवा, महिन्याने थोडे फिरवा. टायरवरचे चार आकडे बघून जुना आधी विका : 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा.

प्रश्न : डबा हरवलेली बेअरिंग कशी ओळखायची? (नांदेड)

कडेवरचा नंबर वाचा. शेवटचे दोन आकडे आतलं भोक सांगतात : 00 म्हणजे 10 मिमी, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17, 04 पासून पुढे पाचाने गुणा. 6301चं माप (भोक × बाहेरचा व्यास × जाडी, मिमीत) 12×37×12, 6202चं 15×35×11. नंबर पुसला असेल तर व्हर्नियरने तिन्ही मापं घ्या. नुसतं भोक जुळवून देऊ नका, 6202 आणि 6302 दोन्हींचं भोक 15 मिमीच असतं, पण 6302 बाहेरून 42 मिमीची असते. आणि कागद फाटून धूळ खाल्लेली उघडी बेअरिंग बोटाने फिरवल्यावर खरखरली, तर ती नवी म्हणून विकू नका.