टाकी घेण्याआधी

सोलापुरात राहून स्कूबाची स्वतःची टाकी घ्यायची म्हणतोस, तर आधी हवा कुठे भरणार ते ठरव. श्वासाची हवा गाळणी लावलेल्या खास कॉम्प्रेसरनेच भरावी लागते. पंक्चरच्या दुकानातली चुकूनही नको. तिच्यातलं तेल आणि कार्बन मोनॉक्साइड पाण्याखाली जीव घेऊ शकतं. माझं स्पष्ट मत आहे, सुरुवातीला तारकर्ली-मालवणला गेलास की भाड्याचीच वापर.

तरी घ्यायचीच असेल तर अॅल्युमिनियमची ११.१ लिटरची, २०७ बार दाबाची बघ. तिच्यात दाबून साधारण २,३०० लिटर हवा मावते. स्टीलच्या १२ लिटर, २३२ बारच्या टाकीत त्याहून बरीच जास्त. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. हवा संपत आली की अॅल्युमिनियमची टाकी समुद्रात तरंगू पाहते. वर येताना पाच मीटरवर थोडं थांबायचं असतं तेव्हाच ती तुला वर ओढते, म्हणून कमरेच्या पट्ट्यात वजनाचं शिसं आधीच जास्त घ्यावं लागतं. स्टीलला शिसं कमी लागतं, पण आत ओल गेली की गंज धरतो. ३०० बारचा मोह नको. तेवढा दाब भरून देणारे थोडे, शिवाय डिन व्हॉल्व्हच, म्हणजे श्वासाचं यंत्र आट्यांनी आत फिरवून बसवायचा व्हॉल्व्ह, लागतो.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात भरलेली टाकी बंद गाडीत ठेवू नकोस. ३० अंश तापली की दाब २० बारने चढतो. चादरीत गुंडाळून, आडवी, घट्ट बांधून ने. जुनी घेत असशील तर टाकीच्या खांद्यावर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या मजबुतीच्या चाचणीची) तारीख स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.