‘आमचे ३१८ आले’

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातला शेतकरी. मुलगा लातूरला नीटची तयारी करतो. बारावीनंतर आमचे २४१ आले, रिपीटर बॅच लावली तर यंदा ३१८. खुला प्रवर्ग. पात्र आहे, पण सीट नाही. नवी बॅच सुरू झालीय, पुन्हा बसवलाय. की दोन एकर विकून परदेशात एमबीबीएसला पाठवू? एजंट म्हणतो, नीट क्वालिफाय आहे तेवढं बस. मोबाईल काढून घेऊन साधा फोन दिलाय. हल्ली धड जेवत नाही, बोलतही नाही. घरी आला की दिवसभर गोठ्यात वेळ घालवतो. त्याला जरा समजवा.

उत्तर : ‘आमचे २४१ आले’ या तीन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. पेपरला तीन तास तो एकटा बसला होता. गुण मात्र घरादाराचे झाले. यात माया आहे, हे मला कळतं. शेतात पिकलेलं जसं सगळ्या घराचं, तसंच हेही तुम्ही धरलंत. पण मग गुण कमी पडले की त्या पोराला वाटतं, आपण अख्ख्या घरालाच नापास केलं. १९ वर्षांच्या खांद्यावर हे ओझं फार झालं.

जेवत नाही, बोलत नाही, हे तुम्ही मोबाईल आणि गोठ्याच्या मध्ये उरकून टाकलंत. मी असतो तर पत्र तिथूनच सुरू केलं असतं. झोप कशी आहे, हे लिहिलेलं नाही. बहुधा विचारलंही नसेल. तिसरा ॲटेम्प्ट, परदेश, सगळं बाजूला ठेवा. लातूरला जा आणि आठ-दहा दिवस त्याला घरी आणा. ‘मार्क’ हा शब्द काढू नका, पाहुण्यांनाही काढू देऊ नका. मोबाईल परत द्या. मित्रांशी बोलायची त्याची तेवढीच खिडकी होती. जीव नकोसा होतो का, असं त्याला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भलतं येतं ही भीती खोटी आहे. तो हो म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो.

आता एजंटचं. ‘क्वालिफाय’ या शब्दावर त्याचा धंदा चालतो. २०२५ साली खुल्या प्रवर्गाला ७२० पैकी १४४ गुणांवर पात्रता मिळाली. पात्र ठरले १२ लाखांहून अधिक आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्याही निम्म्याच्या जवळपास खासगी. म्हणजे पात्रता हे फक्त रांगेत उभं राहायचं टोकन आहे. परदेशी जायलाही ते टोकन लागतं, एवढंच एजंटचं खरं. पुढचं तो सांगत नाही. तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, वर एक वर्ष इंटर्नशिप तिथेच. परत आल्यावर परदेशात शिकलेल्यांसाठीची ३०० गुणांची एफएमजीई परीक्षा, पास व्हायला १५० हवेत. जून २०२३ मध्ये ती जेमतेम १० टक्के मुलं पास झाली. त्यानंतर इथे पुन्हा इंटर्नशिप. थोडक्यात, परीक्षा चुकत नाही, सहा वर्षं पुढे जाते. आणि तेव्हा दोन एकर गेलेले असतात. ही वाट धरून चांगले डॉक्टर झालेलेही आहेत. पण ती जेवण तुटलेल्या पोराला एकट्याने परक्या थंडीत पाठवायची वाट नव्हे.

इथला रस्ताही लहान नाही. साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर वर्षाचा बाँड म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, मग पुढच्या पदवीची प्रवेश परीक्षा नीट पीजी आणि एमडी-एमएसची तीन वर्षं. तिशी येते. रेसिडेंट डॉक्टर सलग ३६-३६ तास ड्युटी करतात, त्यात रडणारे-ओरडणारे नातेवाईक. तिथे बापाची इच्छा पुरत नाही, आतून हवं लागतं. तुमच्या मुलाने बारावीनंतर कधी एखाद्या दवाखान्यात चार दिवस बसून पाहिलंय का? गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, बसू देतील. हे कुठलीच टेस्ट सिरीज तपासत नाही.

तुमच्या पत्रात मुलगा स्वतःहून करतो अशी एकच गोष्ट आहे. तो गोठ्यात बसतो. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत. कदाचित तो तिथे नुसता लपत असेल; गाय मार्क विचारत नाही. कदाचित त्याला जनावरं खरंच कळत असतील. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची, महाविद्यालयं परभणी आणि उदगीरलाही आहेत, म्हणजे तुमच्या दारातच. गुणवत्ता यादी तिथेही नीटच्याच गुणांवर लागते. मागच्या फेऱ्यांचे कट-ऑफ पाहून घ्या. पण हे वाचून लगेच ‘चला, व्हेटरनरीला घालू’ म्हणालात, तर मी लिहिलेलं सगळं वाया गेलं. आधी गोठ्यात जाऊन त्याच्याशेजारी बसा. धार काढा, शेण भरा, तो बोलेपर्यंत बोलू नका.

मी त्याला समजावणार नाही. त्याला काही विचारायचं असेल तर त्याने लिहावं, तुम्ही न वाचता पाठवावं.

जमिनीचा इसार घेतला असेल तर तो परत करता येईल, त्याला वेळ आहे. आधी लातूरची गाडी पकडा.