एक्सपी, विंडोज ७ आणि नवा लॅपटॉप: दुभाषा मधल्यालाच करा

ताई, तुमचं कोडं मला समजलं ते असं: इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरात मागच्या खोलीत बाबांचा विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर, ज्यावर ते अजून छापायच्या लग्नपत्रिका लावतात. त्याच्या शेजारी विंडोज ७चा दुसरा. समोरच्या खोलीत राउटर आणि तुमचा विंडोज ११चा लॅपटॉप. लॅपटॉपवर एक्सपीचं फोल्डर उघडत नाही, आणि दुकानदाराने सांगितलं की लॅपटॉपवर 'एसएमबी १' चालू करा.

ते मात्र करू नका. फायली देण्याघेण्याची जी बोली विंडोज वापरतं ती एसएमबी, आणि एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. मे २०१७मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस पसरला तो तिच्यातल्याच भगदाडातून. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १०च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती बंद येऊ लागली. म्हणजे तुमच्या लॅपटॉपमध्ये काही बिघडलेलं नाही, तो मुद्दाम नकार देतोय. ज्या मशीनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता तिथे हे दार उघडायचं नाही.

तुमच्याकडे विंडोज ७ आहे हे नशीब समजा, कारण त्याला जुनी आणि नवी दोन्ही बोली येतात. शेअर केलेलं फोल्डर तिथेच ठेवा. बाबा एक्सपीवरून त्यात फाइल टाकतील, तुम्ही लॅपटॉपवरून ती उचलाल. एक्सपी आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलणारच नाहीत.

त्याआधी एक काम आजच करा. बाबांच्या डिस्कची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. माझ्या काकांच्या मशीनवर मी नेटवर्क आधी जोडलं, प्रत 'उद्या घेऊ' म्हटलं, आणि त्याच आठवड्यात डिस्क गेली. आजीचे फोटो त्यात होते. ती हळहळ अजून जात नाही.

आता तार. जुन्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाड, त्यातून ५ गिगाहर्ट्झ वायफाय मागच्या खोलीपर्यंत धड पोहोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झचं त्यामानाने बरं जातं, पण जुन्या मशीनना वायफाय देऊच नका. राउटर फक्त डब्ल्यूपीए ३वर (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) असेल तर बरीच जुनी कार्डं जोडलीच जात नाहीत, आणि तेवढ्यासाठी सगळ्या घराची सुरक्षा खाली आणणं मला पटत नाही. कॅट ५ई जातीची नेटवर्क केबल घ्या, शंभर मीटरपर्यंत ती गिगाबिट नेते. सिल्व्हर मॉलमध्ये सहज मिळेल, फक्त शुद्ध तांब्याची मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. मागच्या खोलीत एक छोटा नेटवर्क स्विच ठेवा, म्हणजे एका केबलवर दोन्ही मशीनं जोडता येतील. बाबांच्या मशीनचं कार्ड १०० मेगाबिटचं असलं तरी ७०० एमबीचं फोल्डर साधारण एका मिनिटात जातं, पत्रिकांना ते भरपूर झालं. विजेच्या वायरच्याच पाइपातून मात्र ही केबल ओढू नका.

दोन्ही जुन्या मशीनना नेटवर्कवरचे पत्ते (आयपी ॲड्रेस) हाताने द्या. राउटर १९२.१६८.१.१ असेल तर विंडोज ७ला १९२.१६८.१.२१०, एक्सपीला १९२.१६८.१.२११, मास्क २५५.२५५.२५५.०. राउटर आपोआप जे पत्ते वाटतो त्यांत हे दोन नाहीत ना, ते बघून घ्या. गेटवे आणि डीएनएस, म्हणजे इंटरनेटची वाट दाखवणारे रकाने, रिकामे सोडा. मग ही मशीनं घरात एकमेकांना भेटतात, इंटरनेटवर जात नाहीत. एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला. त्यांना बाहेर धाडण्यात अर्थ नाही. मात्र पेनड्राइव्हमधून येणारी कीड याने थांबत नाही. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी लॅपटॉपवर तपासायचा, हे बाबांना सांगून ठेवा.

विंडोज ७वर एक वेगळं खातं उघडा, त्याला पासवर्ड द्याच. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती बिनपासवर्डचं शेअर मुळात उघडत नाही. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि केबलला दोष देतात. लॅपटॉपवर घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. मशीन नेटवर्कच्या यादीत दिसण्याची वाट बघू नका. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि पुढे विंडोज ७चा पत्ता टाका, नाव-पासवर्ड विचारलं की झालं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्यासमोर येणार. बाबांच्या फायली पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममधल्या, फॉन्ट जुन्या श्रीलिपीचे. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या आजच्या पद्धतीचे, नाहीत. तो फॉन्ट लॅपटॉपवर नसला तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. तेव्हा फाइल खराब झाली समजून घाबरू नका, आणि सेव्ह तर मुळीच करू नका. बाबांनी एक्सपीवरच पीडीएफ करून शेअरमध्ये टाकावी, फॉन्ट आत बसवून. मूळ फाइल त्यांच्याकडेच राहू द्या.

केबलची टोकं बसवायचं क्रिंपर माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी मी मोकळा आहे. समोरच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंतचं अंतर भिंतीच्या कडेकडेने मोजून कळवा, वर तीन मीटर जास्त धरा.